दादाचं नाक

यंत्राला पिळणी हे नाव दादाने दिलं. कागदोपत्री त्याचं नाव दीड ओळ लांब होतं आणि त्यात 'कपडे' हा शब्द कुठेच नव्हता. दादाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "एवढा खटाटोप करून शेवटी पिळतंच ना हे? मग पिळणी म्हणा की." तेव्हापासून अंतराळ संस्थेतले सगळे तिला पिळणीच म्हणायला लागले, आणि जिने ती बनवली तिला पिळणीबाई.

पिळणीबाई ही दादाची धाकटी बहीण. अकरा वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे होती: सहा माणसं तीन वर्षं अंतराळयानात राहणार, तर त्यांनी कपडे धुवायचे कसे? आजवर वर गेलेल्या कोणी कपडे धुतलेच नव्हते. अगदी नकोसे होईपर्यंत घालायचे आणि मग कचऱ्यात टाकायचे. खालून नवे येत. या प्रवासात खालून काही येणार नव्हतं. तीन वर्षांचे कपडे बरोबर न्यायचे म्हटलं तर त्या ओझ्यापायी सहातल्या एका माणसाला घरी बसवावं लागत होतं.

पाणी माणशी आठवड्याला दोन लिटर मिळणार होतं, आणि तेही गाळून पुन्हा पिण्याच्या टाकीत जायचं, म्हणून साबण नखाएवढा. शिवाय तिथे पाणी खाली पडत नाही, ते गोळा होऊन कपड्याला चिकटून बसतं. घरच्या मशीनमध्ये कपडे वर जातात, खाली आपटतात, म्हणून स्वच्छ निघतात. तिथे वरही नाही आणि खालीही नाही. पहिली पाच वर्षं तिने कपडे घासून पाहिले. धागे सुटले, गाळण्या तुंबल्या, आणि दरवेळी तिने नवा आराखडा काढला.

दादाची लाँड्री होती. एकतीस वर्षं त्याने ती चालवली, आणि घरोघरी मशीन आल्यावर एक दिवस शांतपणे शटर ओढून घेतलं. एकदा जेवताना बहिणीने तिचं रडगाणं सुरू केलं तेव्हा तो हसायला लागला.

"अगं शहाणे, लोकर कधी घासतात का? दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. पाणी स्वतःच आत-बाहेर करतं. हे विचारायला एवढी वर्षं थांबलीस होय?"

त्यातून पिळणी झाली. मऊ रबराची पिशवी, दोन्ही बाजूंनी हवेच्या उशा, त्या फुगायच्या आणि बसायच्या. धुऊन झालं की आतली हवा ओढून घ्यायची. कापड वाळायचं आणि वाफ एका थंड पत्र्यावर जमून पाणी परत मिळायचं. वर एक जांभळा दिवा, उरलेसुरले जंतू मारायला. पहिल्यांदा त्यातून कोरडा बनियन बाहेर आला तेव्हा तिने तो दादाच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट केला, नाकाशी धरला आणि म्हणाला, "डाव्या काखेत थोडं राहिलंय. आणि हा घालणारा बाबा औषधाच्या गोळ्या खातो." बाबा म्हणजे संस्थेचा ड्रायव्हर होता आणि तो खरंच गोळ्या खात होता.

अशी दादाला नोकरी लागली. यंत्रं जंतू मोजतात, मळ मोजतात, पण कपड्याला वास येतो की नाही हे शेवटी माणसाच्या नाकालाच विचारावं लागतं. नियमाप्रमाणे तीन नाकं हवीत. सुरुवातीला तिघं होतीही. एक बाई बाळंतपणासाठी गेली ती परत आली नाही, एकाची बदली झाली. दोन्ही जागा रिकाम्याच राहिल्या. एका नाकावर काम चालवायला परवानगी द्यावी, असा अर्ज पिळणीबाईने स्वतः लिहिला. खाली सही करताना तिला जराही धाकधूक वाटली नाही. दादाचं नाक म्हणजे दादाचं नाक.

मोठी चाचणी नव्वद दिवसांची होती. संस्थेच्या मागच्या शेडमध्ये एक बंद खोली उभारली होती, खिडकी नसलेली, दोन दारांची. त्यात चार माणसं राहायला गेली: एक पोहायला शिकवणारा, एक सुतार, एक विमा कंपनीतली बाई आणि एक निवृत्त नर्स. त्यांनी रोज ठरलेला व्यायाम करायचा, घाम गाळायचा, कपडे पिळणीत घालायचे आणि तेच पुन्हा अंगावर चढवायचे. दर आठवड्याला कपड्यांचे तळहाताएवढे तुकडे कापून काचेच्या बरण्यांत बाहेर यायचे. बरणीवर फक्त आकडा. दादा झाकण उघडायचा, हुंगायचा आणि शून्य ते पाच यातला गुण लिहायचा. शून्य म्हणजे स्वच्छ.

नव्वद दिवस दादाचे गुण शून्य आणि एक यांच्या पुढे गेले नाहीत. प्रयोगशाळेने मोजलेले जंतूही नगण्य. पिळणीबाईने तक्ता भिंतीवर लावला. तिथून येता-जाता ती त्याच्याकडे बघायची.

तक्रार एकट्या नर्सने केली. बत्तिसाव्या दिवशी तिने आतल्या फोनवरून सांगितलं, "बाई, कपड्यांना वास येतोय. मी तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, मी काही नाक मुरडणाऱ्यांतली नाही. पण हा वास मला झोपू देत नाही."

"बंद खोलीत तसं वाटतं," पिळणीबाई म्हणाली. "महिनाभर तीच हवा आहे ना. आमचे गुण अगदी चांगले येताहेत."

"गुण कोण देतं?"

"माझा भाऊ."

नर्स म्हणाली, "बरं." एकोणपन्नासाव्या दिवशी तिच्या मानेवर आणि काखेत पुरळ आलं. डॉक्टरांनी ते उष्णतेचं म्हणून लिहिलं. तिने पुन्हा फोन केला नाही.

चाचणी संपली आणि निर्णयाच्या बैठकीला नऊ दिवस राहिले. पिळणीबाई राहिलेली कामं उरकत होती. त्यात शेवटच्या बारा बरण्या होत्या. सकाळी तिने त्या ट्रेमध्ये मांडल्या आणि दादापुढे सरकवल्या. तो एकेक झाकण उघडत गेला. सातवी बरणी उघडून त्याने नेहमीसारखे डोळे मिटले, श्वास घेतला आणि कागदावर लिहिलं: शून्य. बाजूला एक शेराही दिला, 'किंचित साबण'.

ती समोरच उभी होती, तीन हात लांब. आणि तिथपर्यंत वास आला.

तिने आकडा पाहिला. चूक तिची होती. ट्रे लावताना तिने तुलनेसाठी ठेवलेली बरणी त्यात मिसळली होती. त्यात सुताराच्या मोज्याचा तुकडा होता, नऊ दिवस घातलेल्या आणि न धुतलेल्या.

ती आतल्या खोलीत गेली, एक कोरी बरणी घेतली, झाकण लावलं, आकडा चिकटवला आणि आणून ठेवली. दादाने ती उघडली, डोळे मिटले.

"धुतलेलं सूत," तो म्हणाला. "छान वाळलंय. एक देऊ का शून्य?" मग त्याने डोळे उघडून आत पाहिलं. बरणीत काहीच नव्हतं.

पलीकडे पंखा फिरत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तो ताप आला होता ना मला. गेल्या वर्षी." त्याने झाकण परत लावलं, घट्ट. "चौदा महिने झाले."

"चौदा महिने! अरे, मग तू एवढे दिवस काय लिहीत होतास?"

"बोटांनी कळतं थोडं. मळलेलं कापड जरा जड लागतं. डोळ्यांनाही दिसतं. आणि..." तो अडखळला. "तू समोर असायचीस. तुझ्या चेहऱ्यावरून कळायचं काय यायला हवं ते."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला कसं नसेल? भाजीत मीठ आहे का, हे मी तिलाच विचारतो. मला सगळी भाजी सारखीच लागते, ओल्या पुठ्ठ्यासारखी." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मला वाटलं येईल परत. डॉक्टर म्हणाले, कधी कधी येतो. आज येईल, उद्या येईल, करता करता..."

"तू मला सांगायला हवं होतंस."

"आणि काय केलं असतंस? दुकान गेलं तेव्हा मला वाटलं, आता आपण फक्त खुर्ची अडवणारे. मग तू मला इथे आणलंस. इथे लोक मला विचारायचे, दादा, जरा हे बघा हो. एवढे शिकलेले लोक!" त्याने कागदावरची सातवी ओळ खोडली, उगाचच, नीट रेघ मारून. "आणि तुझी पिळणी चांगलीच आहे. माझं मन सांगतं. मी खोटे गुण दिले असतील, पण ती खोटी नाही."

ती मागच्या शेडकडे निघाली.

बंद खोलीचं पहिलं दार उघडलं, मग दुसरं. माणसं जाऊन आठ दिवस झाले होते, हवा बदलली होती. कपाटात पिळणीतून काढून घड्या घातलेले कपडे तसेच होते, प्रत्येकाच्या नावाच्या पिशवीत. तिने नर्सची पिशवी सोडली आणि वरचा सदरा चेहऱ्याजवळ आणला.

वर्षभरात तिने एकही धुतलेला कपडा हुंगला नव्हता. बनवणाऱ्याने स्वतःच परीक्षा घेऊ नये असा नियम होता आणि तो तिला फार आवडायचा.

तिने सदरा झटकन दूर धरला. शिळं तेल, ओला कुत्रा, जुन्या उशीचा अभ्रा, असं काहीतरी एकत्र. काखेतच नव्हे; गळ्याला, बाहीला, पाठीला, खालच्या दुमडीलाही तोच वास. तिने सुताराचा सदरा काढला, पोहणाऱ्याचा काढला. सगळीकडे सारखाच.

ते कसं झालं हे समजायला तिला फक्त एक दुपार लागली. एक सदरा उसवून तिने त्याचे धागे भिंगाखाली धरले. जांभळा दिवा जंतू मारत होता, म्हणून प्रयोगशाळेला काही सापडत नव्हतं. पण अंगाचं तेल धाग्याच्या गाभ्यात बसलं होतं. थंड पाणी आणि नखाएवढा साबण यांना ते दाद देत नव्हतं, उलट प्रत्येक दाबाबरोबर ते काखेतून पाठीकडे, पाठीतून बाहीकडे सरकत होतं आणि तिथेच नासत होतं. पिळणी घाण काढत नव्हती. ती सगळीकडे सारखी पसरवत होती. पाणी गरम करावं तर वीज पुरत नव्हती. साबण वाढवावा तर पिण्याचं पाणी बिघडत होतं. तिने कागदावर आकडे मांडले, पुन्हा मांडले. मग पेन खाली ठेवलं.

दादाचं नाक शाबूत असतं तर हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं असतं. तेव्हा हातात तीन महिने होते. कदाचित काही सुचलं असतं, कदाचित नसतं. हा हिशेब मात्र ती कागदावर मांडू शकली नाही.

संध्याकाळी दादा फाटकापाशी तिची वाट पाहत उभा होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो तिच्याबरोबर चालायला लागला. थोडं चालल्यावर म्हणाला, "बैठक होऊन जाऊ दे ना. मग सुधार हळूहळू. माझं कोणाला कळायचं कारण नाही. मीच सोडतो म्हणून सांगेन, गुडघे दुखतात म्हणून."

"आणि ती सहा माणसं?"

"माणसाला सवय होते गं."

"नर्सला झाली नाही, दादा. तिने मला सांगितलं होतं. मी तिला सांगितलं, माझा भाऊ गुण देतो."

तो चालताना थांबला. मग दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेली. त्याची बस आधी आली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे या कामाचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, सौम्य माणूस. त्यांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, हे तुम्ही मला दहा दिवसांनी सांगितलं असतं तर?"

"तर पैसे मंजूर झाले असते."

"आणि आता?"

"आता नव्वद दिवसांचा एकही गुण धरता येणार नाही. धरला तरी यंत्र चालत नाही, साहेब. मी स्वतः हुंगून आले."

"एका नाकावर चालवायची परवानगी कोणी मागितली होती?"

"मी."

"आणि दिली मी." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे आपण दोघंही तितकेच दोषी. तुमच्या भावाला बोलावून घ्या. नको, राहू दे. पत्र पाठवतो."

पत्रात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं होतं. एवढी मेहरबानी त्यांनी केली. बैठक अर्ध्या तासात संपली. धुण्याचा विषय प्रवासाच्या आराखड्यातून काढण्यात आला. सहाऐवजी पाच माणसं जातील आणि प्रत्येकाने एक सदरा महिनाभर वापरावा असं ठरलं. वगळलेली सहावी व्यक्ती कोण होती हे पिळणीबाईला नंतर कळलं. ती वनस्पती वाढवणारी शास्त्रज्ञ होती आणि चार वर्षं तयारी करत होती. तिने कोणाला दोष दिला नाही. पत्रही लिहिलं नाही.

पिळणी कापडात गुंडाळून गोदामात गेली. पिळणीबाईला हवेच्या गाळण्यांच्या विभागात टेबल मिळालं. शेवटचा अहवाल लिहायचं काम तेवढं तिच्याकडे राहिलं. पुढच्यांसाठी शिफारस, असा एक रकाना होता. त्यात तिने आधी एक पान लिहिलं, फाडलं. मग लिहिलं, 'या पद्धतीने कपडे स्वच्छ होत नाहीत.' पुढे काय लिहावं हे तिला सुचलं नाही आणि तो रकाना तसाच छापला गेला.

नर्सला भेटायला ती एकदा गेली होती. नर्सने दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मानेवरचे डाग अजून पूर्ण गेले नव्हते.

"मी माफी मागायला आले," पिळणीबाई म्हणाली.

"मागा," नर्स म्हणाली, आणि ऐकून घेतलं. ती चिडली नाही. "वॉर्डातही असंच असतं. पेशंट सांगतो दुखतंय आणि आपण कागद बघतो." जाताना तिने दारापर्यंत सोबत केली, पण पुन्हा या म्हणाली नाही.

दादाच्या घरी जायला तिला दोन महिने लागले. दार वहिनीने उघडलं. पूर्वी ती आली की वहिनी आधी हसायची, मग खोड्या काढायची. आता म्हणाली, "आलीस? ये." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

घरात सगळीकडे कपडे वाळत होते. दोऱ्यांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, दाराच्या कडीवर. सगळे दादाचे. सदरे, बनियन, पायजमे, टॉवेल.

"हे काय?"

वहिनी आतूनच बोलली. "त्याला वाटतं, आपल्या अंगाला वास येतो. स्वतःला कळत नाही ना. दिवसातून चार चार वेळा धुतो. बाहेर जात नाही. मागे शेजारी आले होते तर खिडकीपाशी जाऊन बसला, लांब. मी म्हणते, नाही रे येत वास. तर म्हणतो, तू बायको आहेस, तू तसंच म्हणणार."

दादा न्हाणीघरातून आला. हात कोपरापर्यंत पांढरे, सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटलेली. बहिणीला पाहून तो दाराशीच थांबला, जवळ आला नाही.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "तुलाच विचारायचं होतं." त्याने दोरीवरचा एक सदरा ओढला आणि हात लांब करून तिच्यापुढे धरला. "हा बघ. खरं सांग. तू खोटं बोलणार नाहीस, मला माहीत आहे. तेव्हाही तू खोटं बोलली नाहीस."

तिने सदरा घेतला, चेहऱ्यावर धरला. गळा, काखा, बाह्या, पाठ, सगळं नीट पाहिलं. साबण होता, ऊन होतं, बाकी काही नव्हतं.

"नाही येत, दादा. अगदी स्वच्छ आहे."

"काखेत?"

"काखेतही नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

त्याने मान हलवली, दोनदा. तिच्या हातातून सदरा परत घेतला, घडी घातली, ती मोडली. मग म्हणाला, "तरी एकदा काढतो पाण्यातून. बस तू, जेवून जा," आणि आत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात वहिनीने भांडं जरा जोरात ठेवलं. पिळणीबाईने खुर्चीवरचा ओला टॉवेल बाजूला केला आणि ती बसली.